शौचाच्या जागेची चीर : आपोआप भरून येते का?



शौचाला बसलं की सुरीने कापल्यासारखी कळ येते, नंतर तास-दोन तास आग होते, लालभडक रक्ताचे थेंब दिसतात. आपण म्हणतो, "मूळव्याध झाली." पण मूळव्याधीत बहुधा रक्त पडतं, फारसं दुखत नाही. इतकी कळ असेल तर बहुतेक वेळा तिथे चीर पडलेली असते. डॉक्टर तिला 'फिशर' म्हणतात.

चीर का पडते? मळाचा खडा झाला, कुंथावं लागलं की नाजूक कातडी फाटते. पाणी कमी पिणं, अंधार पडेपर्यंत शौच दाबून ठेवणं, बाळंतपण ही आपली नेहमीची कारणं. लोहाच्या गोळ्यांनीही काहींना मळ घट्ट होतो. दुखतं म्हणून जाणं टाळलं, की खडा आणखी घट्ट होतो आणि चीर पुन्हा उसवते.

औषधाविना बरी होते का? नवी चीर पुष्कळदा चार ते सहा आठवड्यांत भरते. पण नुसतं सोसून नाही. मळ मऊ राहिला तरच.

घरी काय करायचं?
- दिवसाला आठ-दहा ग्लास पाणी. पालेभाजी, मोडाची कडधान्यं, न चाळलेल्या पिठाची भाकरी-पोळी, पेरू, पपई खा. तिखट कमी करा.
- टबात किंवा घमेल्यात कोमट पाणी घेऊन 10 ते 15 मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा. पाण्यात साबण किंवा जंतुनाशक घालू नका.
- कळ आली की लगेच जा. कुंथू नका.
- लोहाच्या गोळ्या मनाने बंद करू नका, आशाताईंना विचारा.

दवाखान्यात कधी जायचं? दोन आठवड्यांत उतार नसेल तर जा; मलम आणि मळ मऊ करणारं औषध मिळतं. सहा-आठ आठवड्यांहून जुनी चीर आपोआप भरणं अवघड असतं. कधी छोटी शस्त्रक्रिया लागते. रक्त जास्त जातंय, चक्कर येतेय, मळ काळा आहे किंवा रक्त मळात मिसळलेलं आहे, ताप-सूज-पू आहे, वजन घटतंय किंवा वय चाळिशीपुढे आहे, तर थांबूच नका. दरवेळी चीरच असते असं नाही. आतड्याचा कर्करोगही असाच रक्ताने सुरू होऊ शकतो. भोंदूकडून तिथे इंजेक्शन किंवा क्षार लावून घेऊ नका.

तपासणीला महिला डॉक्टर मागता येतात, सोबत मैत्रीण नेता येते. लाजेपायी दुखणं वाढवू नका.

बैठकीत बोलूया : आपल्या गटात दिवसा शौच दाबून ठेवावं लागणाऱ्या किती जणी आहेत? त्यासाठी काय करता येईल?