कल्पित वीरांचा इतिहास

मुलांनो, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे जिजाबाईंची समाधी आहे. त्यांनी १६७४ साली देह ठेवला. हा इतिहास होय. गडाचे दरवाजे मिटल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने गवळण हिरकणी अंधारात कडा उतरली. ही मात्र लोककथा. कथेतील वीरांनाही इतिहास असतो, पण तो सांगणारे रचतात.

१९३८ साली अमेरिकेत सीगल व शुस्टर या तरुणांचा सुपरमॅन चित्रकथेत अवतरला. नष्ट होणाऱ्या ग्रहावरून त्याला तान्हेपणीच यानातून पृथ्वीवर धाडले, अशी त्याची पूर्वकथा. प्रथम तो केवळ लांब उड्या मारी. उडण्याची शक्ती त्याला मागाहून मिळाली. आमच्या हिरकणीला मात्र कोणी पंख दिले नाहीत! तिच्याजवळ दोन हात, दोन पाय आणि खाली घरी भुकेलेले बाळ, एवढेच होते.