भूभौतिकशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

आपल्या जालना जिल्ह्यात बोअर घेणे हा आजही बहुतेकदा दैवाचा खेळ असतो. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला की जागा ठरते, उसनवारी करून यंत्र येते आणि काळा पाषाण लागला की पैशासोबत घरचे वर्षही जाते. २०१२-१३ च्या दुष्काळाने हे दुःख गावोगाव नेले. जमीन न खणता तिच्या पोटातले मोजण्याचे जे शास्त्र आहे, ते भूभौतिकशास्त्र. आपल्या मुलांनी त्याकडे वळावे, असे आम्हांस वाटते.

नावात ‘भू’ असला, तरी हा मुळात भौतिकशास्त्राचा विषय. पाणी शोधताना जमिनीत एका ओळीत चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून वीजप्रवाह सोडतात, आतल्या दोहोंमधील विद्युतदाब मोजतात. ओला मुरूम प्रवाहाला वाट देतो, अखंड पाषाण अडवतो. खुंट्यांतील अंतर वाढवावे, तसा अधिक खोलीचा अंदाज येतो. मात्र चिकणमातीतूनही प्रवाह सहज वाहतो. मग कमी आलेला आकडा पाण्याचा की मातीचा, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी गणित आणि खडक दोन्ही जाणणारा माणूस लागतो. तोही चुकतो, परंतु कोठे चुकला हे त्याला तपासता येते. नारळाला तशी सोय नाही.

हे शास्त्र पाण्यापुरतेच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे गेली. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तेथे खोल विवर घेतले, तेव्हा बसाल्टखालचा प्राचीन खडक सुमारे ३३८ मीटरवर लागला. मराठवाड्याच्या भूमीचा असा अभ्यास करणाऱ्यांत मराठवाड्याची मुले किती?

आमचा पहिला आग्रह हा, की अकरावीत गणित सोडू नये. जीवशास्त्र ठेवून गणित सोडणाऱ्यांना ही वाट पुढे फार अवघड होते. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र व गणित घ्यावे, जमल्यास भूशास्त्रही. संगणकाची एखादी भाषा शिकावी. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांनी प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहून ठेवावी. मुंबई आयआयटीत उपयोजित भूभौतिकीची एम.एस्सी. आहे, प्रवेश ‘जॅम’ परीक्षेतून मिळतो. पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व केंद्रीय भूजल मंडळात जाता येते.

मुलीला हे रानोमाळ फिरण्याचे काम झेपेल काय, असे पालक विचारतात. उन्हाळाभर डोईवर हंडा घेऊन चालणाऱ्या मुलींविषयी हा प्रश्न पडावा, याचेच आम्हांस नवल वाटते.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी दहावीच्या निकालाआधीच समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्याव्यात. मुंबई-हैदराबादेस स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी प्रवेशासाठी येणाऱ्या आपल्या धाकट्या भावंडांना दोन रात्रींचा आसरा द्यावा आणि सोबत त्या संस्थेच्या दारापर्यंत जावे.