चपातीच्या भरवशावर दंड भरत नाहीत

मैदा सोडला, ब्राउन ब्रेड आणि ओट्स सुरू केले की अंग भरतं, ही समजूत मोशी-चाकण पट्ट्यातल्या जिममध्ये चांगलीच रुजली आहे. भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत पाळी करून संध्याकाळी वजनं उचलणारा पंचविशीतला मुलगा आहारातला पहिला बदल करतो तो धान्यात, आणि बहुधा तिथेच थांबतो. मैदा सोडण्याला माझा विरोध नाही, सोडावाच. पण ज्या कारणासाठी तो सोडला जातो ते कारण चुकीचं आहे, आणि ते नीट न समजल्यामुळे महिनोन्‌महिने घाम गाळूनही दंड होते तसेच राहतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात 100 ग्रॅम कणकेत सुमारे साडेदहा ग्रॅम प्रथिनं आहेत, आणि मैद्यातही जवळपास तेवढीच. फरक आहे तो इतरत्र. कणकेत तंतू सुमारे 11 ग्रॅम, तर मैद्यात तीनपेक्षाही कमी; मॅग्नेशियम मैद्याच्या सुमारे चौपट, जस्त तिपटीच्या आसपास. कारण उघड आहे. ही खनिजं, ब गटातली जीवनसत्त्वं आणि तंतू दाण्याच्या कोंड्यात आणि अंकुरात असतात, आणि मैदा करताना नेमके तेच काढून टाकतात. अंकुरातल्या तेलामुळे पीठ लवकर खवट होतं, म्हणून व्यापाराला अंकुर नकोच असतो. (बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू का लागतं, याचंही उत्तर त्या तेलातच आहे.) म्हणजे अख्ख्या धान्याने पोट साफ राहतं, रक्तातली साखर सावकाश चढते, स्नायूंच्या कामाला लागणारी खनिजं मिळतात. एवढं पुष्कळ झालं. पण स्नायू ज्याचा बनतो ते प्रथिन मैद्याच्या जागी कणीक आल्याने वाढत नाही.

आता 60 किलोच्या मुलाचा हिशोब मांडू. सर्वसाधारण माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे याला 50 ग्रॅम. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर क्रीडापोषणाचे अभ्यासक दीड ग्रॅमच्या आसपास सांगतात, म्हणजे 90. दिवसभरात 300 ग्रॅम पिठाच्या चपात्या खाल्ल्या तरी त्यातून 31-32 ग्रॅम मिळतील. शिवाय गव्हाच्या प्रथिनात लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडतं, मैद्यात तर आणखी कमी. ही उणीव डाळ भरून काढते. खानावळीच्या ताटात मात्र चपात्या हव्या तेवढ्या मिळतात आणि वरण वाटीभर, तेही पातळ. खरी अडचण ही आहे.

यावर कोणी म्हणेल, शरीरसौष्ठववाले तर पांढरा भात खातात, त्यांचं कसं जमतं? त्यांच्या भाताशेजारी चिकन आणि अंड्यांचा ढीग असतो. व्यायामानंतर स्नायूंतली संपलेली ऊर्जा लवकर भरायला मऊ, पटकन पचणारा भात सोयीचाच असतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला, मोशीजवळून वाहणाऱ्या नदीचंच नाव मिरवणारा इंद्रायणी कोणी व्यायामानंतर आमटीशी कालवून खाल्ला, तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: अख्ख्या धान्यातलं फायटेट लोह आणि जस्त शोषू देत नाही. हे खरं आहे. म्हणून तर मोड आणणं, भिजवणं, आंबवणं या जुन्या रीती कामाच्या. त्यांनी फायटेट कमी होतं. जेवणावर लिंबू पिळलं तर लोह शोषायला मदत होते, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा उलटं काम करतो. एवढी काळजी घेतली तर ज्वारी-बाजरीची भाकरी पावापेक्षा केव्हाही उजवी.

ब्राउन ब्रेडबद्दल मात्र सावध राहा. त्याचा रंग पुष्कळदा कॅरॅमलचा असतो, आणि ‘मल्टिग्रेन’ म्हणजे अनेक धान्यं; अख्खी धान्यं असा त्याचा अर्थ होत नाही. पाकिटामागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं असेल, तर त्या पावाचे जास्तीचे पैसे रंगापायी गेले. त्यापेक्षा गिरणीतून दळून आणलेली कणीक न चाळता वापरावी.

तेव्हा पाळी, भाड्याची खोली आणि पगार सांभाळून व्यायाम करणाऱ्यांना माझं सांगणं असं: चपाती-भाकरी खुशाल खा, पण ताटाचा विचार डाळीपासून सुरू करा. खानावळीत एक चपाती कमी घेऊन उसळीची वाटी जास्त मागा. खिशात मूठभर फुटाणे ठेवा; 50 ग्रॅम फुटाण्यांत दहाएक ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा, आणि कोरड्या सोया वडीत 100 ग्रॅमला 50 च्या आसपास. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. पावडरचा डबा घ्यायचाच असेल तर हे सगळं ताटात आल्यावर घ्या. बहुतेकांना मग त्याची गरज उरत नाही.