राजापूरच्या सड्यावर सर्व्हेचा तास

सहल म्हटली की आपल्या कॉलेजात तीच ती नावे निघतात. वेरूळ, अजिंठा, महाबळेश्वर, नाहीतर सरळ गोवा! राजापूरचे नाव कुणी घेत नाही. फार तर तिथल्या गंगेमुळे आजीच्या तोंडून ते ऐकलेले असते. पण सह्याद्रीचे सदाहरित जंगल आणि हजारो वर्षांपूर्वी माणसाने दगडावर कोरलेली चित्रे ज्याला एकाच फेरीत बघायची आहेत, त्याने रत्नागिरी जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव चुकवू नये. सिव्हिलवाल्याने तर नाहीच नाही.

आमचा सहा जणांचा ग्रुप डिसेंबरात निघाला. लातूरहून कोल्हापूर, तिथून अणुस्कुरा घाटाने खाली राजापूर. आपल्याकडे वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी खूश असतो. कोकणात तीन हजारांच्या वर पडतो, आणि घाटमाथ्यावर त्याहूनही जास्त. त्या पावसावरच हे जंगल उभे आहे. घाटात गाडी थांबवली तर भर दुपारी झाडाखाली स्वेटर घालावासा वाटला! पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती उगीच नाही.

घाट उतरून समुद्राकडे निघालो की मात्र झाडे विरळ होतात आणि लांबच लांब सपाट, काळपट-तांबडा कातळ लागतो. याला तिथे 'सडा' म्हणतात. पावसाळ्यात यावर इवल्या इवल्या फुलांचे गालिचे असतात, हिवाळ्यात नुसते वाळलेले गवत. हा दगड म्हणजे जांभा. बिल्डिंग मटेरियलच्या पेपरात आपण 'लॅटेराइट' लिहितो तो हाच. बुकॅनन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०७ मध्ये केरळातला दगड बघून, विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून हे नाव दिले. उष्ण हवेत, भरपूर पावसात बेसाल्ट कुजत जातो, त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्ये वाहून जातात, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइड मागे उरतात. ताजा कापला तर मऊ, हवेत राहिला की कडक. म्हणूनच कोकणात घरे चिऱ्याची असतात.

आता गंमत बघा. हाच जांभा आपल्या लातूर जिल्ह्यातही आहे. औसा तालुक्यातली खरोसा लेणी साधारण सहाव्या शतकात जांभ्यातच कोरली गेली. वेरूळच्या बेसाल्टसारखी बारीक नक्षी तिथे टिकली नाही, मूर्ती झिजल्या, त्याचे कारण दगडाच्या याच सच्छिद्र पोतात आहे. खरोशाच्या कारागिराने टेकडीत आत शिरून लेणी काढली. कोकणातल्या आदिमानवाने सड्याची पाटीच केली आणि तिच्यावर उघड्या आभाळाखाली चित्रे कोरली. यांना 'कातळशिल्पे' म्हणतात.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मिळून अशी हजाराहून जास्त शिल्पे नोंदली गेली आहेत. गुराख्यांना ती ठाऊक होतीच. पण रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायी फिरून ती शोधली, मोजली, नोंदवली. यातले रिसबूड व्यवसायाने इंजिनिअर आहेत, हे मुद्दाम सांगतो! शिल्पे दहा हजार वर्षांच्या आसपासची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात शिकारीचे प्राणी भरपूर आहेत, शेतीचा पत्ता नाही. आज कोकणात नसलेला गेंडासुद्धा आहे.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या पोटात पक्षी, मासे, जनावरे अशा सत्तरेक आकृत्या आहेत. जमिनीवर उभे राहून तो पूर्ण दिसतच नाही. मग एवढे प्रमाण राखले कसे? आम्ही अर्धा तास यावरच वाद घातला. देवाचे गोठणे येथे माणसाची आकृती आहे आणि तिथे होकायंत्र भरकटते, अशी ख्याती आहे. आम्ही प्रिझमॅटिक कंपास नेला होता. फोर बेअरिंग घेतले, बॅक बेअरिंग घेतले, फरक १८० अंश येईना! सेकंड इयरला 'लोकल अ‍ॅट्रॅक्शन' पाठ करून दोन मार्क मिळवले होते, ते इथे डोळ्यांनी पाहिले.

एक सूचना: शिल्पे बघायला सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जा. तिरप्या प्रकाशात रेषेत सावली भरते आणि चित्र वर येते. दुपारी बाराला त्याच जागी नुसता दगड दिसतो. रेषा ठळक करायला खडू ओढू नका, बूट घालून शिल्पावर चढू नका. टेप लावा, ग्रिड आखून कागदावर उतरवा.

आता खरा मुद्दा. दुपारी बाराला न दिसणारी ही रेषा जेसीबीवाल्याला कशी दिसणार? चिरेखाण तिथेच, रस्ता तिथूनच. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस कोरलेला आहे. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात बारसू आहे. त्याच वर्षी बारसू परिसर रिफायनरीसाठी सुचवला गेला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षण सुरू झाल्यावर गावकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. कारखाने नकोत असे मी म्हणणार नाही. आपल्याकडची पोरे नोकरीसाठी पुण्याला जातात, मलाही जायचे आहे. पण जागेच्या नकाशावर आपण विहीर दाखवतो, विजेचा खांब दाखवतो, एकटे आंब्याचे झाडही दाखवतो. मग दहा हजार वर्षांपूर्वीचे चित्र त्यावर का नसावे? ते काम पुरातत्त्व खात्याचे, असे म्हणून चालणार नाही. जागेवर पहिला पाय सर्व्हेअरचा पडतो. त्याने नोंद केली तरच पुढे आखणी बदलण्याचा विचार होऊ शकतो. त्याने सोडले तर विचारायलाही कुणी उरत नाही.

राजापूर लांब वाटत असेल, तर खरोसा आपल्या जवळच आहे. एक रविवार, एक तीस मीटरचा टेप आणि चार मित्र पुरे. लेण्यांचा एक नीट मोजलेला प्लॅन काढून आणा. सर्व्हेच्या जर्नलमध्ये कॅम्पसच्या ग्राउंडचा नकाशा आपण दरवर्षी एकमेकांचा बघून काढतोच की!