परवाना, चौकशी आणि पूर्वसूचना

२८ एप्रिल २०१८ रोजी, शनिवारी संध्याकाळी, आपल्या जामखेड गावात दोन तरुण राजकीय कार्यकर्त्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या व त्यात दोघांचाही अंत झाला. त्याआधी तीनच आठवडे, ७ एप्रिलला, नगरजवळच्या केडगावात असेच दोघे मारले गेले होते. मी त्या वेळी सातवीत होते. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद, रस्ते ओस आणि घराघरांत एकच वाक्य : “हे होणारच होतं!” मोठी माणसे हे वाक्य इतक्या सहजपणे कसे उच्चारतात, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. होणारच होते हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी ते कुणाला सांगितले होते काय? राज्यशास्त्राच्या वर्गात शस्त्र कायद्याचा उल्लेख निघाला, तेव्हा हा जुना प्रश्न पुन्हा वर आला. प्रस्तुत लेख म्हणजे त्याचा यथाशक्ती केलेला पाठपुरावा होय.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. हिंदी माणसाच्या हाती शस्त्र असू नये या हेतूने व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ चा कायदा झाला. स्वतंत्र भारताने त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम आणला. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे परवान्याचा अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याकडून अहवाल मागवायचा. नवव्या कलमाप्रमाणे एकवीस वर्षांखालील व्यक्तीला, हिंसेच्या वा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला (शिक्षा संपल्यावर पाच वर्षांपर्यंत) आणि शांतता राखण्याचा जामीन लिहून दिलेल्याला शस्त्र बाळगता येत नाही. चौदावे कलम सांगते की अर्जदार मनाने अस्थिर असेल किंवा ‘कोणत्याही कारणास्तव अपात्र’ वाटत असेल, तर परवाना नाकारावा. मात्र त्याच्याजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणासाठी नाकारू नये. ही शेवटची तरतूद मला फार आवडली. कायदा लिहिणाराला गरिबाची आठवण होती म्हणायची. सतराव्या कलमाने दिलेला परवाना निलंबित वा रद्द करता येतो. २०१६ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण यांची भर घातली. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. परंतु परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षे केली. म्हणजे माणसाकडे पुन्हा एकदा निरखून पाहण्याची संधी दोन वर्षे पुढे गेली. या बदलाची चर्चा झाली ती सोय म्हणून. मला तो धोका वाटतो.

कागदावर तर हे सारे चोख आहे. पण शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचाची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे जाहीर झाले. मग छाननी सुरू होऊन कित्येक परवाने रद्द करण्यात आले. छाननी आधीच झाली असती तर, हा प्रश्न कुणीही विचारील. शिवाय गावठी कट्ट्याला परवाना कुठला नि चौकशी कुठली! मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातील उमरटीसारख्या गावांतून ही पिस्तुले महाराष्ट्रात येतात, हे पोलिसांच्या कारवायांतून वारंवार दिसले आहे. त्या वाटेवर अर्जही नाही आणि अहवालही नाही.

चौकशी होते ती माणसाची. शस्त्र मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरला अभिषेक घोसाळकर यांच्यावर मॉरिस नोरोन्हा याने समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःलाही संपवले. पिस्तूल होते त्याच्या अंगरक्षकाचे आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला. चौकशी झाली असेल तर ती अंगरक्षकाची. मॉरिसच्या मनात काय शिजत होते, हे त्या परवान्याच्या कागदात कुठून येणार?

परंतु महाराष्ट्रातले या विषयाचे खरे उदाहरण म्हणजे ३१ जुलै २०२३ च्या पहाटेचे. जयपूर–मुंबई सेंट्रल एक्सप्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाचा शिपाई चेतनसिंह याने वरिष्ठ सहकारी टीकाराम मीना यांच्यावर आणि नंतर वेगवेगळ्या डब्यांतील तीन प्रवाशांवर स्वयंचलित रायफलीतून गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. चौघेही ठार झाले. तिन्ही प्रवासी मुसलमान होते आणि त्या वेळचे त्याचे विखारी बोलणे एका चित्रफितीत आले. मीरा रोडजवळ तो पकडला गेला. निवाडा न्यायालयाचा, मला येथे पाहायचे आहे ते त्याआधीचे दोन-तीन तास. त्याच्याच सहकाऱ्याने दिलेल्या फिर्यादीनुसार, मला बरे वाटत नाही, वलसाडला उतरवून द्या, असे तो म्हणत होता. मुंबई आता दोन तासांवर आली आहे, तेवढी ड्यूटी पुरी कर, असे त्याला समजावण्यात आले. तो थोडा पडून राहिला, उठला आणि रायफल मागू लागला; सहकाऱ्याशी झटापट झाली, त्याने त्याचा गळा धरला. इतके होऊनही रायफल अखेर त्याच्याच हाती राहिली. प्रकृती बिघडलेल्या माणसाला खाली उतरवावे की नाही याचा विचार झाला, पण त्याच्या हातातले हत्यार काढून घ्यावे हे सुचले नाही. कारण हत्यार हा त्याच्या नोकरीचा भाग होता. शासकीय सेवकाने कर्तव्यावर बाळगलेल्या शस्त्राला शस्त्र अधिनियमाचा परवाना लागत नाही. तेथे सारी भिस्त खात्यावर आणि शेजारी बसलेल्या सोबत्यावर.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. मन आजारी असलेला माणूस म्हणजे खुनी नव्हे. असे बहुसंख्य रुग्ण कुणाच्या वाटेला जात नाहीत. बंदूक जवळ असली तर धोका बहुधा त्यांच्या स्वतःच्याच जिवाला असतो. पूर्वसूचना म्हणजे रोगाचे नाव नव्हे. धमकी, कुणाचा तरी धरलेला डूख, एकाएकी आलेला बदल, आणि जवळ असलेले हत्यार, हे सारे एकत्र आले की ती पूर्वसूचना.

परदेशांतही गोष्ट वेगळी नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने बत्तीस जणांना मारले. त्यांत आपल्या मुंबईची एक विद्यार्थिनीही होती. मारेकरी इंग्रजीचा विद्यार्थी. त्याचे लेखन वाचून प्राध्यापिका ल्युसिंडा रॉय यांनी वरिष्ठांना सावध केले होते. २००५ साली न्यायाधीशाने त्याला स्वतःस धोकादायक ठरवून उपचारांचा आदेशही दिला होता. पण ती नोंद बंदूक विकताना तपासल्या जाणाऱ्या राष्ट्रीय यादीत पोहोचली नाही आणि दुकानदाराने रीतसर चौकशी करून त्याला पिस्तूल विकले! इंग्लंडात प्लिमथ येथे ऑगस्ट २०२१ मध्ये पाच जणांना मारणाऱ्या तरुणाची बंदूक मारहाणीच्या प्रकरणानंतर पोलिसांनी काढून घेतली होती. जुलैत ती परत दिली. मेन राज्यात लुइस्टन येथे २०२३ साली अठरा जण मेले. तेथे मारेकऱ्याच्या लष्करी सोबत्याने तो गोळीबार करील अशी भीती आधीच स्पष्ट शब्दांत कळवली होती. तिन्ही ठिकाणी कुणाला तरी दिसले होते, कुणी तरी बोललेही होते. बोललेले शब्द योग्य टेबलापर्यंत गेले नाहीत, किंवा गेले आणि तिथेच पडून राहिले.

आपल्या गावाला या बाबतीत एक निराळी शिदोरी आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली येथे आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा खेड्यांतल्या अक्षरशत्रू बायकांना त्यांनी आजाराची पहिली लक्षणे ओळखायला शिकवले. डॉक्टर येईपर्यंत थांबायचे नाही. ज्या घरात चूल पेटली नाही तिथे आधी डोकवायचे. शेजारणीला जे दिसते ते दवाखान्याला उशिरा दिसते, हा साधा हिशेब. पोलीस अहवालात अशा शेजारणीला जागा नाही. हवालदार सरपंचाला विचारतो, दोन पंचांना विचारतो, ‘वर्तणूक चांगली’ असे लिहितो आणि जातो.

हे मी ऐकीव लिहीत नाही. खर्ड्याकडच्या आमच्या आजोळी आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे, पिकाच्या राखणीसाठी. रानडुकरे आली की मामा बार काढायचे, एवढाच तिचा उपयोग. २०२३ साली परवान्याच्या नूतनीकरणाची चौकशी आली तेव्हा मी सुट्टीत तिथेच होते. मामा रानात गेले होते. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, कर्ज थकले होते आणि मामा रात्र रात्र ओसरीवर बसून राहत. जेवताना बोलत नसत. भावकीतल्या एकाचे नाव निघाले की ताटावरून उठत. आलेले गृहस्थ सभ्य होते. पाणी पिऊन त्यांनी मला सहज विचारले, “काय बाळ, मामा कसे आहेत?”

“चांगले आहेत,” मी म्हणाले.

आजी दाराआड उभी होती. ती काही बोलली नाही. घरचे दुखणे चव्हाट्यावर कोण मांडणार? पण त्या रात्री दारूचा डबा जागेवर नव्हता, आणि मामांनीही तो कुठे आहे असे विचारले नाही. पुढे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी शस्त्र जमा करण्याची नोटीस आली. मामा बंदूक ठाण्यात ठेवून पावती घेऊन आले. ती पावती आजीने देव्हाऱ्यातल्या पोथीत घातली. निवडणूक झाली, निकाल लागला. परत आणायला कधी जायचे असे मामांनी एकदा विचारले, तेव्हा आजी म्हणाली, “पेरणी होऊ दे आधी.” पेरणी होऊन गेली, सुगीही झाली. पावती अजून पोथीतच आहे.