सातारा-सांगली लोहमार्ग : विलंबाचे गणित

पुण्याहून लोणंद, सातारा, कराड, किर्लोस्करवाडी व सांगली या मार्गाने मिरजेस जाणारा सुमारे २८० किलोमीटरचा लोहमार्ग १९७१ साली मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. रूळ रुंद झाले. परंतु त्यांची जोडी एकच राहिली. पुढील काळात वाढलेल्या उतारू गाड्या आणि मालगाड्या यांचा भार याच एकेरी मार्गावर पडत गेला. विलंबाचे मूळ कारण हेच होते.

एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांना केवळ स्थानकातच एकमेकींना ओलांडता येते. कराडहून साताऱ्याकडे निघालेली मालगाडी पुढील स्थानकात पोहोचेपर्यंत समोरून आलेली पॅसेंजर तेथे थांबवून ठेवावी लागे. एका गाडीचा उशीर असा दुसरीस लागे. शिवाय कोल्हापूर, बेळगाव व कुर्डुवाडी यांकडील मार्ग मिरजेस मिळत असल्याने तेथील उशीरही या मार्गावर येतो.

मार्गाची क्षमता त्यावरील सर्वांत वेळखाऊ टप्प्यावरून ठरते. समजा, दोन स्थानकांमधील अंतर कापण्यास १९ मिनिटे आणि मार्ग मोकळा असल्याची खातरजमा करण्यास ५ मिनिटे लागतात. दिवसाच्या १४४० मिनिटांत अशा ६० फेऱ्या बसतात. दुरुस्ती व अडचणी यांसाठी सवड ठेवून त्यांपैकी ७० टक्के, म्हणजे ४२ गाड्याच व्यवहारात धरता येतात. याहून अधिक गाड्या सोडल्यास वेळापत्रक कोलमडते.

पुणे-मिरज-लोंढा या ४६७ किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणास व विद्युतीकरणास २०१६ साली केंद्र शासनाने मंजुरी दिली. हे काम टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विहिरीस पाणी मुबलक असले, तरी पाट एके ठिकाणी अरुंद असेल, तर शेतात तेवढेच पाणी पोहोचते. त्याचप्रमाणे कोठेही थोडा जरी भाग एकेरी राहिला, तरी गाड्या तेथे खोळंबतात. म्हणूनच भूसंपादनाच्या एखाद्या लहानशा प्रकरणाचा परिणाम सबंध मार्गावर होतो. अशी प्रकरणे न्याय्य मोबदला देऊन वेळीच निकालात काढणे शेतकरी व प्रवासी या दोघांच्याही हिताचे आहे.

फाटकांचेही तसेच आहे. सिग्नलशी जोडलेले फाटक पूर्ण बंद झाल्याखेरीज गाडीस सिग्नल मिळत नाही. ऐन वेळी घुसणारी बैलगाडी किंवा उसाचा ट्रॅक्टर गाडी रोखून धरतो. भुयारी मार्गासाठी योग्य जागा सुचविणे, त्यात पाणी साचणार नाही हे पाहणे आणि फाटकावरील शिस्तीबाबत ग्रामसभेत व शाळेत समजावून सांगणे, ही कामे ग्रामपंचायती व शिक्षक सहज करू शकतील. रोज रेल्वेने ये-जा करणारे विद्यार्थी, कामगार व मिरजेच्या रुग्णालयांत जाणारे रुग्ण यांचा वेळ त्यामुळे वाचेल.