लंकेच्या राजधान्या दक्षिणेकडे का सरकल्या?

प्रश्न : श्रीलंकेच्या सहलीत आम्ही अनुराधपुर, सिगिरिया, पोलोन्नरुव आणि शेवटी कँडी पाहिले. कोलंबो आणि कँडीकडे जिकडे पाहावे तिकडे हिरवेगार, पावसाळी. जुन्या राजधान्यांचे अवशेष मात्र उन्हाने रापलेल्या झुडपी रानात. पाणीदार मुलूख हाताशी असताना राजांनी कोरड्या भागात शहरे का वसवली? आणि पुढे ती सोडून दक्षिणेकडे का गेले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळात तो भाग दिसतो तितका कोरडा नाही. अनुराधपुरला वर्षाला सुमारे 1300 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. अडचण आहे ती त्याच्या वेळेची. बेटाच्या मध्यभागाच्या दक्षिणेला उंच डोंगर आहेत. मे ते सप्टेंबरमधले नैर्ऋत्य मोसमी वारे त्या डोंगरांच्या पश्चिम उतारावर रिते होतात आणि उत्तरेच्या मैदानात कोरडे पोचतात. सह्याद्री ओलांडून देशावर येताना पावसाचे जे होते, तेच तिथे होते. उत्तरेकडचा बराचसा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत पडून जातो आणि मग ओढे-नाले आटतात. तेव्हा थोड्या महिन्यांचे पाणी वर्षभर कसे पुरवायचे, एवढेच कोडे सोडवायचे होते.

नैर्ऋत्येला पाणी होते, पण दाट पर्जन्यवन, दलदल आणि तुटक उतारही होते. उत्तरेला सपाट जमीन, भाताला लागणारे भरपूर ऊन आणि तोडायला सोपे रान. शिवाय अनुराधपुर ज्या मल्वतु ओया नदीकाठी आहे, ती मन्नारच्या बाजूला समुद्राला मिळते. तिथल्या मांतई बंदरातून भारताशी आणि त्यापलीकडच्या देशांशी व्यापार चाले. शेती आणि बंदर दोन्ही साधणारी अशी जागा बेटावर दुसरीकडे मिळणे अवघड होते.

राहिले पाणी. ते राजांनी आणि गावकऱ्यांनी अडवले. अनुराधपुरच्या सभोवती अभय, तिस्स आणि नुवर हे तलाव आहेत. तिसऱ्या शतकात महासेनाने मिन्नेरियाचा तलाव बांधला, तर पाचव्या शतकात धातुसेनाने कलावेव हा प्रचंड जलाशय. कलावेवचे पाणी अनुराधपुरच्या तिस्स तलावात आणायला जयगंगा हा कालवा खोदला. त्याची लांबी सुमारे 87 किलोमीटर, आणि पहिल्या 27 किलोमीटरमध्ये त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम 10 सेंटीमीटर! आजची मोजणीची यंत्रे नसताना हे साधले आहे. त्याला भरावही एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला जमिनीचा नैसर्गिक चढ, त्यामुळे डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी आपोआप कालव्यात उतरते.

मोठ्या तलावाच्या पाळीजवळ गेलात, तर दगडी चिऱ्यांनी बांधलेली चौकोनी विहिरीसारखी जागा शोधा. तिला बिसोकोटुव म्हणतात. तलावाच्या तळातून सुटणारे पाणी इतक्या जोराचे असते की मोरी फोडून मातीची पाळ वाहून नेईल. म्हणून ते आधी या चौकोनात येते, तिथे त्याचा जोर मोडतो, दारे उघडून-झाकून ते हवे तेवढेच सोडता येते आणि मग ते पाटाला लागते. एवढ्या मोठ्या तलावांची मातीची धरणे शतकानुशतके टिकली, ती या योजनेमुळे.

हा धातुसेन म्हणजे सिगिरिया बांधणाऱ्या काश्यपाचा बाप. चूलवंस या पाली ग्रंथात एक कथा आहे. मुलाने कैद करून खजिना मागितला, तेव्हा धातुसेनाने त्याच्या माणसांना कलावेववर नेले, त्या पाण्यात स्नान केले आणि हीच आपली सारी संपत्ती असल्याचे सांगितले. काश्यपाने बापाला मारवले आणि 477 साली तो गादीवर बसला. कथा शब्दशः खरी असो वा नसो, त्या राज्याची श्रीमंती कशात होती ते तिच्यातून नेमके कळते. सिगिरियाच्या पायथ्याची कारंजी पावसाळ्यात आजही उडतात, तीही याच जलविद्येमुळे.

आता दुसरा प्रश्न. 993 साली राजराज चोळाच्या सैन्याने उत्तर लंका घेतली आणि 1017 मध्ये राजा पाचवा महिंद चोळांच्या हाती लागला. चोळांनी आपले ठाणे पोलोन्नरुवला केले. 1070 मध्ये विजयबाहूने त्यांना घालवले, पण राजधानी तिथेच राहिली. पुढच्या शतकात पराक्रमबाहूने तिथे पराक्रम समुद्र हा तलाव उभारला. त्याची पाळ सुमारे 14 किलोमीटर लांब आहे. मग 1215 मध्ये कलिंगाचा माघ चालून आला आणि घडी विस्कटली.

तलाव एकदा बांधून भागत नाही. दर वर्षी गाळ काढावा लागतो, पाळीची डागडुजी करावी लागते, पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या लागतात. हे सांभाळणारे अधिकारी आणि कारागीर युद्धात पांगले. पाळी फुटल्या, शेती गेली, रान वाढले. हिवतापाचाही हात असावा असे काही अभ्यासक मानतात. राजे मग दंबदेणिय, यापहुव, कुरुणेगल, गंपोल, कोट्टे आणि कँडी असे दक्षिणेकडे सरकत गेले. तिथे पावसावर भात येई, डोंगर पाठराखण करत, आणि किनाऱ्यावरच्या दालचिनीचा व्यापार वाढत होता. त्याच व्यापाराने 1505 नंतर पोर्तुगीज, मग डच आणि इंग्रज आले. डोंगरातली कँडी 1815 पर्यंत टिकली.

पुढे जाणाऱ्या वाचकांना दोन गोष्टी सांगतो. उत्तरेची शहरे पाहायला मे ते सप्टेंबर उत्तम. ऊन कडक असते, पण पाऊस आडवा येत नाही. त्यातही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिन्नेरियाला जा. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या काठावर गवत येते आणि ते खायला शेकडो हत्ती जमतात. आणि स्तूप-वाड्यांकडे वळण्याआधी निदान तासभर एखाद्या तलावाच्या पाळीवरून चाला. यातले बरेच तलाव एकोणिसाव्या शतकापासून दुरुस्त होत आले आणि त्यांच्या पाण्यावर आजही भात पिकतो आहे.